वाचनालयाचा हॉल, बचत गटाचा चहा आणि बैलगाडीचं चाक

पडवी

नमस्कार मंडळी,

मी इंटिरियरची कामं करते, बहुतेक मुंबई-पुण्यातली उपाहारगृहं. आता सिंधुदुर्गातल्या माझ्या माहेरच्या गावच्या वाचनालयाने तळमजल्याचा हॉल "जरा बघून दे" म्हणून सांगितलंय. फी अर्थातच "आपल्याच घरचं काम".

हॉल चाळीस फूट लांब, सव्वीस रुंद, उंची साडेअकरा. भिंती जांभ्याच्या, आतून सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. जमीन जुन्या लाल कोब्याची, अजून आरशासारखी चमकते. सकाळी पेपरवाले आजोबा, दुपारी स्पर्धा परीक्षांची मुलं, संध्याकाळी व्याख्यान नाहीतर भजन, अधूनमधून कुणाचा साखरपुडा. एका कोपऱ्यात बचत गटाच्या बायका चहा, घावणे, उसळ असं काहीबाही करतात आणि खरं सांगायचं तर वाचनालय त्यांच्यावरच तगून आहे.

कार्यकारिणीची यादी अशी: प्लास्टरचं फॉल्स सीलिंग, त्यात रंग बदलणारी दिव्यांची पट्टी. कोब्यावर चकचकीत विट्रिफाइड फरशी. समोरच्या भिंतीवर वारली. दारात बैलगाडीचं चाक आणि कंदील, शिवाय नऊवारीतली फायबरची बाई, हात जोडून. हे सगळं अध्यक्षांनी घाटावरच्या एका ढाब्यात पाहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. जागेला चेहरा येतो तो तिथे कोण कुठे बसतं, काय ऐकू येतं आणि उजेड कुठून येतो यातून. चित्रं-बित्रं शेवटी. आपल्याकडच्या घरांत हे पक्कं ठरलेलं होतं. पोस्टमन खळ्यात उभा राहायचा, शेजारी पडवीत टेकायचा, सोयरा ओटीवर आणि माजघरात फक्त आपली माणसं. पाटी कुठेच नव्हती, पण जमिनीची उंची, छपराचा उतार आणि उजेड बघून आलेल्या माणसाला कळायचं की आपण कुठवर जायचं. (त्यात जातीचा हिशोबही होता, तो मी विसरलेले नाही. तो वगळून बाकीचं घ्यायचंय.)

तर मनात असं आहे: दाराजवळ चहा, पेपर, उभ्याने गप्पा. मधे मोठी टेबलं. आत शांत अभ्यासाची जागा. आणि एका बाजूला वीतभर उंच लाकडी ओटा, ज्यावर एरवी पोरं पाय पसरून वाचतील आणि संध्याकाळी वक्ता उभा राहील.

अनुभव असेल तर लिहा. विरोधी मत असेल तर आधी लिहा.

---

खडीसाखर

फायबरची बाई नको म्हणजे नको! +१०१. बाकी वाचतेय.

---

गल्ल्यावरून

ताई, विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. माझं हायवेवर हॉटेल आहे. चाक आहे, कंदील आहेत, तुळशीवृंदावनसुद्धा आहे. तुम्हां डिझायनर लोकांना हसू येतं, पण मुंबईहून आलेलं गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की आधी तिथे फोटो काढतं. तो फोटो चार लोक बघतात आणि पुढच्या शनिवारी त्यातले दोन येतात. माझी जाहिरात फुकटात होते. तेव्हा "चित्रं-बित्रं शेवटी" हे धंद्यात चालत नाही.

दुसरं म्हणजे साफसफाई. तुमच्यासारख्या एका डिझायनरने मला खडबडीत दगडी भिंत करून दिली होती, मासिकात शोभेल अशी. टेबलालगत आमटीचे शिंतोडे उडाले की त्या खाचांतून निघत नाहीत. शेवटी टेबलाच्या उंचीपर्यंत कडाप्पा लावून घेतला. हात पुसायला जिथे पोर धावतं तिथे काय आहे, झाडू कुठे ठेवणार, रात्री पाणी मारलं तर ते जाणार कुठे, हे आधी ठरवा.

आणि कोकणात प्लास्टरचं सीलिंग तर लावूच नका. माझ्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात काळे डाग उमटले.

---

पडवी

@गल्ल्यावरून, हसत नाहीये हो. फोटोची गोष्ट खरी आहे. पण तुमचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं आणि पुढे जातं. वाचनालयात तीच माणसं रोज येतात. रोज येणाऱ्याला चाक आठवडाभर दिसतं, मग दिसेनासं होतं आणि त्यावरची धूळ मात्र कुणीतरी पुसत बसतं.

कडाप्प्याची पट्टी लिहून घेतली. साडेतीन फुटांपर्यंत धुता येईल असं काहीतरी हवंच.

---

सूरपेटी

ध्वनिशास्त्राचं काम करतो, त्यामुळे माझी पिपाणी तीच वाजणार. तुमचा हॉल आत्ताच कानात वाजतोय. सिमेंट, कोबा, स्लॅब, सगळं टणक. टाळी वाजवून बघा, कितीतरी वेळ घुमत राहील.

थोडं इस्कटून सांगतो. हॉल मीटरमध्ये साधारण १२ × ८ × ३.५, म्हणजे ३३६ घनमीटर. भिंती, जमीन, छत मिळून पृष्ठभाग सुमारे ३३२ चौरस मीटर. असले टणक पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, म्हणजे एकूण शोषण १० च्या आसपास. आवाज विरायला किती वेळ लागतो त्याचं सॅबिनचं सूत्र आहे: घनफळ गुणिले ०.१६१ भागिले शोषण. उत्तर येतं ५.४ सेकंद! भाषण नीट कळायला हे एक सेकंदाच्या आत-बाहेर हवं. प्रत्यक्षात उघड्या खिडक्या आणि पुस्तकांची कपाटं यांनी ते कमी होईल, पण "अध्यक्ष महाशय" चा "शय" भिंतीवरून परत येईल एवढं नक्की.

चाळीस माणसं बसली की प्रत्येकामागे ०.४५ धरा, शोषण २८ वर जातं आणि वेळ दोन सेकंदांखाली येतो. म्हणूनच भरलेलं सभागृह बरं वाटतं आणि मोजून सहा श्रोते असले की वक्ता विहिरीतून बोलतोय असं वाटतं.

आता छताच्या साठ चौरस मीटरवर लाकडी लोकर (लाकडाचे बारीक तंतू) आणि सिमेंटचे बोर्ड थोडी पोकळी सोडून लावले (शोषण ०.६ धरू), तर रिकाम्या हॉलमध्ये १.२ सेकंद, भरल्यावर ०.८. त्या बोर्डांत सिमेंट असल्यामुळे ते दमट हवेत टिकतात, वाळवीही सहसा लागत नाही. स्पंजाचे टोकदार पॅनेल कुणी सुचवले तर हात जोडा. पावसाळ्यात बुरशी आणि आगीचा धोका, दोन्ही एकदम.

अवांतर: वॉलेस सॅबिन हा हार्वर्डचा भौतिकशास्त्राचा तरुण शिक्षक. १८९५ मध्ये त्याला विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द का कळत नाहीत ते शोधायला सांगितलं. त्याने रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडत गेला आणि दर वेळी आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. सकाळी गाद्या परत जागेवर. सगळं शास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे.

उपाहारगृहवाल्यांसाठी: गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, मग शेजारचं टेबल चढवतं. खोली घुमणारी असेल तर याला अंत नाही. लोक "जेवण चांगलं होतं पण डोकं दुखलं" म्हणतात ते यामुळे.

---

गल्ल्यावरून

सूरपेटी साहेब, मुकाट वाचला प्रतिसाद. माझा एसी हॉल असाच कोकलतो. व्यक्तिगत निरोप करतो.

---

बनमस्का

पडवीताई, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे एक उत्तम पुरावा आहे: मुंबईतली इराणी हॉटेलं. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. एकानेही इराण दिसावं म्हणून भिंतीवर इराण रंगवला नाही. तरी डोळे बांधून आत नेलं आणि खुर्चीत बसवलं तर हाताला कळेल आपण कुठे आहोत.

ती खुर्ची म्हणजे वाफेवर वाकवलेल्या लाकडाची. मूळ नमुना मायकेल थोनेटचा, १८५९ चा, चौदा नंबर. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या बसायच्या, म्हणून ती बोटीने जगभर पोचली. वजनाला हलकी, एका हाताने ओढता येते, पाठीला बाक असल्यामुळे तासभर बसवतं, पण लोळता येत नाही. गिऱ्हाईक बसावं, पण फार वेळ बसू नये, हे खुर्चीच सांगते!

संगमरवरी टेबल तर एका फडक्यात साफ. आरसे जागा मोठी दाखवतात आणि गल्ल्यावरच्या शेठला पाठमोरं गिऱ्हाईकही दिसतं. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे दोन रस्त्यांचा उजेड आणि वारा. दुकानासाठी कोपरा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी तो घेत नसत आणि तो इराण्यांना मिळाला, असं सांगतात. उंच छतामुळे बिडी-सिगरेटचा धूर वर राहायचा. "इथे केस विंचरू नका" छाप पाट्या तर मालकाचा स्वभावच. एकेक वस्तू कामाची, आणि सगळ्यांची मिळून ती ओळख.

चित्रं नकोतच असं मात्र मी म्हणणार नाही. कुलाब्याच्या माँडेगार कॅफेमध्ये व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी भिंती भरून काढल्यात, आणि बियर पीत ती गर्दी बघत बसायला मजा येते. पण ती मारियोंची रेघ आहे, कॅटलॉगमधला वॉलपेपर नाही.

---

टेम्सकाठी

इकडे लंडनमध्ये दिशूम नावाच्या उपाहारगृहाने २०१० पासून इराणी हॉटेलचाच धागा पकडलाय. प्रत्येक शाखेमागे एक काल्पनिक गोष्ट रचतात आणि मग खुर्चीपासून पाटीपर्यंत सगळं त्या गोष्टीला धरून. बाहेर रांगा असतात. नक्कलच आहे, पण अभ्यास करून केलेली. पहिल्यांदा गेले तेव्हा पाट्या वाचत हसले आणि नंतर घरची आठवण येऊन गप्प झाले. म्हणजे काम झालं म्हणायचं का? अजून ठरत नाही.

---

तारपा

वारलीबद्दल बोलतो, मी डहाणूकडचा.

ही चित्रं आमच्याकडे लग्नघरी काढतात. गेरू फासलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, सवाष्ण बायका देवचौक लिहितात, त्यात पालघाट देवी. त्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, रोज काढली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यामुळे वारली भिंतीबाहेर आली याचं वाईट वाटत नाही. आमच्या कित्येक घरांत त्यावर चूल पेटते.

चीड येते ती याची, की महामार्गावरच्या प्रत्येक हॉटेलात स्टेन्सिल लावून तारप्याच्या नाचाचा गोल छापतात. गोल बंद केलेला असतो, तारपा वाजवणाराच गायब. संडासाच्या दारावर वारली पुरुष, वारली बाई. आणि छापणारा पेंटर भलतीकडचा.

तुमचं गाव सिंधुदुर्गात. वारली हवीच असेल तर आमच्यातल्या माणसाला बोलवा, रोजी नाही तर चित्राचे पैसे द्या, खाली नाव लिहू द्या. पण तुमच्याकडचं काही नाही का?

---

पडवी

@तारपा, "तुमच्याकडचं काही नाही का" हे वाक्य मी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

आहे ना. आमच्या भागातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांवर कावी असते. चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर लाल मातीचा थर, आणि तो ओला आहे तोवर टोकदार सळीने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. दोनच रंग. रंग वरून फासलेला नसतो, गिलाव्यातच असतो, म्हणून देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर कोकणचा पाऊस खाऊनही टिकतो. पण सिमेंटच्या गिलाव्यावर ते होणार नाही. तो फोडून चुन्याचा करावा लागेल, आणि चुन्यात हात बसलेला गवंडी शोधावा लागेल. निदान एका भिंतीचा तुकडा तरी.

---

कुडाळकर

पडवी, आपल्या जिल्ह्यातलं पिंगुळी गाव विसरलीस? चित्रकथी घराजवळ आहे आणि तू कावी शोधतेयस. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रांच्या पोथ्या. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, आणि आत पाय टाकला की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. तिथे इंटिरियर डिझायनर नव्हता हां! (चिडू नकोस.)

पण चित्रकथी भिंतीवर रंगवू नका. ती एकेक चित्र पुढे धरून, गाऊन सांगायची गोष्ट. भिंतीवर चिकटवली की मुकी होते. त्यापेक्षा तुझ्या त्या ओट्यासमोर पन्नास माणसं जमिनीवर बसतील एवढी मोकळी जागा सोड आणि वर्षातून चार खेळ लाव, मानधन देऊन.

---

पडवी

हे फार पटलं. म्हणजे मधली मोठी टेबलं सरकती हवीत. दोन माणसांना उचलता येतील अशी, फणसाच्या नाहीतर सागाच्या फळीची. ओट्याचा पुढचा भाग उघडा ठेवून आत सतरंज्या.

---

वाचकआप्पा

मी ७४ वर्षांचा. अशाच एका वाचनालयात रोज जातो. तरुण मंडळींनी सौंदर्याचं बरंच लिहिलं, आता आमचं ऐका.

नव्या पद्धतीचे ते बुटके सोफे ठेवू नका. बसतो, पण उठताना कुणाचा तरी हात लागतो आणि लाज वाटते. अठरा इंचांची बैठक आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची द्या.

डोक्यावर पांढराफक्क दिवा नको, पण पेपरवर उजेड हवा. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की साठीच्या डोळ्यात विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड आत पोचतो. "मंद, रोमँटिक" प्रकाश करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जोता दोन फूट उंच असेल तर उतार किती लांब लागेल? आमच्याकडे एकाने पाच फुटांचा केलाय. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना मात्र सुसाट जाते.

पेपरला लाकडी दांडी ठेवा. पानं विखुरत नाहीत आणि शब्दकोडं कुणी कापून नेत नाही.

---

पडवी

आप्पा, दंडवत. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे दोन फुटांना २४ फूट, शिवाय मधे विसाव्याला सपाट जागा. समोर एवढी जागा नाही, त्यामुळे बाजूच्या भिंतीलगत वळवून घ्यावा लागेल. तो मागच्या दारी लपवायचा नाही असं ठरवलंय. सगळ्यांनीच त्यावरून यायचं, पेपरवाल्याची सायकलसुद्धा.

दिव्यांचं असं: टेबलावर ३०० लक्सच्या आसपास (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मिळावेत म्हणून खाली सोडलेले दिवे, ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर. चहाच्या कोपऱ्यात २७०० आणि रंग खरे दाखवणारे, म्हणजे रंगदर्शकांक ९० च्या वरचे. ६५०० च्या पांढऱ्याफक्क ट्यूबखाली सोलकढी अशी राखाडी दिसते की पिणाऱ्याने विचारावं, कालची आहे का!

---

पद्मनाभपुरी

तिरुवनंतपुरमला नोकरीला आहे. इथे तंपानूरला, एसटी स्टँडजवळ, वास्तुरचनाकार लॉरी बेकरांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाउस आहे. विटांचा गोल मनोरा, आत जिन्याऐवजी वर चढत जाणारा उतार. बाहेरच्या भिंतीला लागून बाकं आणि टेबलं बांधूनच काढलीत. जमीन उतरती, टेबल मात्र सपाट. जाळीतून वारा आणि उजेडाचे ठिपके. भिंतीवर शोभेचं जवळपास काही नाही. हमाल, वकील, कॉलेजची पोरं सगळे त्याच बाकावर, कारण दुसरी चांगली जागा असा प्रकारच नाही.

तक्रारही सांगतो: बाकं हलत नाहीत, त्यामुळे जाड माणसाचे हाल होतात आणि पाच जण आले तर पाचवा उभा. तुमच्या सरकत्या टेबलांना माझं मत.

---

घाटमाथा

भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं, स्ट्रॉबेरीवालं. २०१७ पासून पुस्तकांचं गाव. लोकांच्या घरांतल्या, लॉजमधल्या, देवळातल्या खोल्या वाचकांना उघड्या केल्यात आणि चित्रकारांनी भिंती रंगवल्यात. एका घरी मी वाचत बसलो होतो तर काकूंनी न विचारता पाणी आणून ठेवलं. त्या घरातली चित्रं आता आठवत नाहीत.

---

पडवी

अपडेट. बैठक झाली. तारपांचं वाक्य वाचलं, सूरपेटींचे आकडे फळ्यावर लिहिले आणि रिकाम्या हॉलमध्ये अध्यक्षांनाच टाळी वाजवायला लावली.

प्लास्टरचं सीलिंग आणि विट्रिफाइड रद्द. छताला बोर्ड, कोबा तसाच. वारलीऐवजी ओट्यामागच्या आठ फुटांच्या तुकड्यावर कावी, चुन्याचा गवंडी मिळाला तर. चाकावर अध्यक्ष अडून बसलेत. त्यांच्या वडिलांच्या गाडीचं आहे, हे मला बैठकीत कळलं. मग ते बाहेर खळ्यात, पाटीसकट ठेवायचं ठरलं. खरं चाक आहे, आणि @गल्ल्यावरून यांचा फोटोही होईल.

सगळ्यात मोठा बदल बचत गटाने सुचवला. त्यांचा स्वयंपाकाचा कट्टा भिंतीकडे तोंड करून होता, घावणे घालताना लोकांकडे पाठ. त्या म्हणाल्या, आम्हांला दार दिसलं पाहिजे. नकाशावर मला हे सुचलं नव्हतं. आता चूल खिडकीशी, वर धूर ओढणारा पंखा, पुढे छत्तीस इंचांचा कडाप्प्याचा कट्टा, आणि त्याचा एक भाग तीस इंचांवर, मुलांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कपावर हात पोचेल असा.

एक अडचण: कोब्याला मधोमध तडा आहे, दहा फूट लांब. कुणी दुरुस्त केलाय?

---

गवंडीकाम

तडा नुसता भरू नका, नव्या लालचा रंग जुन्याशी कधीच जुळत नाही आणि भरलेली रेघ जन्मभर दिसते. तड्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ कापून पट्टाच काढा, कडेला पितळी नाहीतर काचेची पट्टी द्या, आणि तेवढ्या भागात मुद्दाम वेगळा रंग टाका, काळा किंवा पिवळा. चालायच्या वाटेसारखा दिसेल. घोटाई एका दिवसात, एकाच हाताची. नंतर आठवडाभर पाणी साठवून ठेवा, त्यात कुचराई नको. पूर्ण वाळल्यावर खोबरेल तेलाचा हात.

त्याआधी तडा वाढतोय का ते बघा. आडवी काचेची चिप चिकटवा, तारीख लिहा. पावसाळा उलटून चिप शाबूत राहिली तरच काम काढा. फुटली तर आधी जोत्याखालचं पाणी कुठे जातंय ते शोधावं लागेल.

---

पडवी

चिप उद्याच लावते. काळा पट्टा दारापासून ओट्यापर्यंत, चालेल ना?

---

वाचकआप्पा

काळा नको. कमी दिसणाऱ्याला तो खड्डा वाटतो. पिवळा करा.